शंभराचे किती झाले

आप्पा गेल्यावर त्यांची कामं घरात आपोआप वाटली गेली. गच्चीवरच्या कुंड्या बायकोने घेतल्या, सकाळचं दूध माझ्याकडे आलं. मुलीचं गणित मात्र कुणी घेतलं नाही. ती यंदा आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसते आहे. आप्पा म्हणजे माझे वडील, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी तेच तिला शिकवायचे. पुस्तकातली गणितं त्यांना बेचव वाटत. ‘एका व्यक्तीने’ असं असलं की ते लगेच ‘लासलगावच्या एका व्यापाऱ्याने’ करून टाकत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. एका संध्याकाळी मुलगी वही घेऊन त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलेली दिसली. मी जाऊन त्या खुर्चीत बसलो. त्या दिवसांत मी घरात फारसा बोलतच नव्हतो.

बँकेत ठेवलेल्या काही रकमेची, दरसाल दरशेकडा आठ दराने सरळव्याजासह, पाच वर्षांनी पाच हजार सहाशे रुपये रास झाली. तर मुद्दल किती?

सूत्र मला आठवत होतं. व्याज गुणिले शंभर, भागिले दर गुणिले मुदत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, छापलेल्या सूत्रावर माझा विश्वास आहे. बोलत बोलत मी उत्तर काढलं : चौदा हजार. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

“कळलं ना?”

“हो बाबा.” तिने ते नीट उतरवून घेतलं. कितीतरी दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण दारातूनच ओरडली, “काका, हिच्या बँकेत पैसे ठेवू नका हं! चौदा हजार ठेवायचे आणि पाच वर्षांनी पाच हजार सहाशे घरी न्यायचे! सरांनी मोठ्याने वाचून दाखवलं, अख्खा वर्ग हसत होता.”

“गप ए, जा तू,” मुलगी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रास म्हणजे व्याज धरून झालेली एकूण रक्कम. मी तिलाच व्याज समजलो होतो. वर्ग मला हसला होता आणि ते हसू तिने आपल्या अंगावर घेतलं होतं.

“तुला येत होतं?”

ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. “आजोबांनी शिकवलंय.”

“मग काल बोलली का नाहीस?”

“तुम्ही किती दिवसांनी बोलत होता.”

मला तिच्याकडे पाहवेना. आमच्या घरात दुःख एकट्या मलाच झाल्यासारखा मी वागत होतो. रोज संध्याकाळी तिच्यासमोरची खुर्ची रिकामी झाली होती, आणि तरी सांभाळत होती ती मला.

“मला येत नाही,” मी म्हणालो. “दाखव.”

तिने वही उघडली. “शंभर रुपये ठेवले समजा. वर्षाला आठ, म्हणजे पाच वर्षांचे चाळीस. हो ना?”

मी मान डोलावली. लहानपणी आप्पांसमोर अशीच डोलवायचो, न कळताही.

“नुसती मान नको,” ती थेट त्यांच्या सुरात म्हणाली. “शंभराचे किती झाले, ते सांगा.”