मुक्तिनाथसाठी घेतलेले गरम कपडे

त्या वर्षी श्रावणात नेपाळात महापूर आला. पूल वाहून गेले, दरडी कोसळल्या, वस्त्याच्या वस्त्या चिखलाखाली गेल्या. आणि इकडे बेंगळुरूला, के. आर. पुरमच्या आमच्या घरात यांनी जेवणाच्या टेबलावर नेपाळचा नकाशा पसरला होता. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बसने पोखरा, तिथून लहान विमान आणि मग खेचरावरून मुक्तिनाथ. जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेला माणूस! यात्रेचंही त्यांनी कारखान्यातल्या कामासारखंच नियोजन मांडलं होतं. मला ताट ठेवायला जागा नसायची. "अहो, देव काही पळून जात नाही, आधी जेवून घ्या," असं मी म्हणायची आणि आत जाऊन डोळे पुसायची.

कारण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. हृदय पार थकलंय, जिना चढतानासुद्धा जपा, तिथली विरळ हवा यांना सोसायची नाही. यांनाही ते ठाऊक होतं. पण मुक्तिनाथच्या देवळामागच्या एकशे आठ धारांखाली एकदा उभं राहायचं, मग बोलावणं आलं तरी हरकत नाही, हे मी लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हापासून ऐकत होते. दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. आता वेळ होता तर अंगात बळ नाही, आणि जायचं म्हटलं तर रस्ताच नाही. मी देवावर फार चिडले होते. सगळं आयुष्य तुझं नाव घेण्यात गेलं, आणि या माणसाची एवढी एक इच्छाही तुला पुरवता येऊ नये? आमच्याकडे म्हणतात, मोठी इच्छा राहून गेली की जाणाऱ्याचा जीव मागे अडकतो. मला मरणापेक्षा त्याची धास्ती होती. हे जाणार हे मी मनाशी कबूल केलं होतं, पण तळमळत जाऊ नयेत, एवढंच मागत होते.

पेपरात नेपाळची बातमी आली की हे ती कापून ठेवत. कुठला पूल गेला, कुठे लष्कराने तात्पुरता बांधला, सगळं नकाशावर पेन्सिलीने मांडत. "चैत्रापर्यंत होईल बघ रस्ता," म्हणत. मीही हो ला हो करत लोकर आणून विणायला बसले. स्वेटर, मफलर, हातमोजे. शेजारच्या अक्का विचारायच्या, बेंगळुरूच्या थंडीला एवढं कशाला? मी म्हणायची, यात्रेला. विणून विणून मी एक ट्रंक भरली.

दिवाळीनंतर डोंगराकडचे स्वेटरवाले शहरात आले. दर हिवाळ्यात येतात, मॅजेस्टिक बसस्टँडजवळ फूटपाथवर दुकानं मांडतात. यांनी हट्टच धरला, पायमोजे तिकडच्याच लोकरीचे हवेत, आणि ते मीच निवडणार. काय बोलणार! ऑटो केली. "स्वल्प निधान, अण्णा," जरा हळू, असं मी ऑटोवाल्याला सारखं म्हणत होते, खड्ड्यात गाडी आदळली की यांच्या छातीकडे बघत होते. उतरल्यावर हे दोन पावलं चालले आणि धाप लागली म्हणून समोरच्याच दुकानातल्या स्टुलावर बसले. इतकी दुकानं होती, पण बसले ते तिथेच.

दुकान एका बाईचं होतं. माझ्याच वयाची असेल, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. तिने आधी यांना पाणी दिलं. मग मोडक्या हिंदीत विचारलं, इतके जाड मोजे इथं कोण घालतं? "मुक्तिनाथ जाना है," हे म्हणाले. बाईचे हात थांबले. ती मुक्तिनाथच्या खालच्याच गावातली निघाली! हिवाळ्यात बर्फ पडलं की ही माणसं माल घेऊन हिंदुस्थानात उतरतात. यांचा चेहरा असा उजळला की बस्स. मला वाटलं, चला, देवाने माणूस पाठवला. आता ही सांगेल रस्ता झाला म्हणून.

यांनी विचारलंच. कुठल्या पुलावरून आलात, दरड कुठवर उपसली? ती स्वेटरच्या घड्या घालत सांगू लागली. तिची धाकटी बहीण खाली रस्त्याकाठच्या गावात दिली होती. दरड आली तेव्हा बहीण, तिची मुलं, गोठ्यातली जनावरं, सगळं गेलं. मेव्हणा तेवढा बाहेर होता म्हणून राहिला. "मिली नहीं," एवढंच म्हणाली, आणि पुढची घडी घातली. वाचलेली माणसं प्लास्टिक बांधून राहतायत म्हणाली, आणि आता तर थंडी पडली.

हे नकाशावर पेन्सिलीने खुणा करत होते, त्यातलंच ते एक गाव होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, ती ट्रंक हिला देऊन टाकू."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? रात्रंदिवस बसून विणलं होतं मी, एकेका टाक्यात जीव ओतला होता. "अहो, मग आपण काय घालणार?"

"आपण कुठं चाललोय?" हे म्हणाले. अगदी सहज म्हणाले. इतके महिने आम्ही दोघांनी जे वाक्य टाळलं होतं ते असं भर फूटपाथवर आलं, आणि मी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले. ती बाई उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ट्रंक पोचवली. तेव्हा मी तिला हळूच म्हणाले, गावी गेलीस की यांच्या नावानं धारेखाली एकदा उभी राहा. यांनी मला अडवलं. "तिला तिचंच मागणं पुष्कळ आहे. त्यात आपलं नको." त्या संध्याकाळी यांनी नकाशाची घडी घातली. पुढे कधी मुक्तिनाथचं नाव काढलं नाही. मला वाटलं, मन मारलं बिचाऱ्यांनी. महाशिवरात्रीच्या अलीकडे एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच हे गेले.

दहाव्याला श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी गेलो. धाकटे दीर नागपूरहून आले होते, त्यांनीच सगळं केलं. पिंड मांडला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरच्यांनी ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा असतो. मी शब्द ठरवूनच आले होते: मी जाईन मुक्तिनाथला, रस्ता असो नसो, तुमच्यासाठी उभी राहीन. ओठांवर होतं नुसतं. पण तोंड उघडायच्या आत कावळा आला आणि थेट शिवला. दीर म्हणाले, "वहिनी, सुटले बघा दादा." सगळ्यांनी हात जोडले.

आणि मला काय वाटलं सांगू? आधी रागच आला. निदान माझ्यासाठी तरी घटकाभर अडायचं होतं, एवढी कसली घाई! मग हळूहळू उमगलं. ज्यासाठी मी देवाशी भांडत होते ते त्याने त्या फूटपाथवरच यांना देऊन टाकलं होतं. यांनी मन मारलं नव्हतं, यांचं सगळं मिळून झालं होतं. अडकून राहिले होते ती मीच. अजूनही आहे थोडी. सांजवात लावताना देवाला म्हणते, यांना मोकळं केलंस, फार उपकार झाले तुझे. आता सवडीने माझ्याकडेही बघ.