वज्रेश्वरीत दोन गीझर

आमच्या दाजींइतका कमी शिकलेला आणि त्यांच्याइतक्या मोठ्याने ओरडणारा मॅनेजर अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका चांगला तर होणारही नाही, हे मी शपथेवर सांगतो. आणि हे सांगणारा मी कोण? तर व्यवस्थापनाची दोन वर्षांची पदवी पहिल्या वर्गात घेतलेला माणूस! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडप्याला हायवेलगत घरगुती उपकरणांचं एक गोडाऊन आहे, त्याचे ते मॅनेजर. शिक्षण विचारलं की छाती पुढे काढून सांगणार, "नववी. दोनदा." शाळा सुटल्यावर त्यांनी बरीच वर्षं भिवंडी-वज्रेश्वरी जीपच्या दारात उभं राहून माणसं भरली. तो आवाज पुढे आयुष्यभर तसाच राहिला. मोबाईल त्यांनी हौसेने घेतला खरा, पण वडप्याहून ते फोनवर बोलायला लागले की टेमघरच्या घरात ताई फोन न उचलताच "ऐकलं हो!" म्हणत असेल, अशी माझी खात्री आहे.

त्यांच्या सवयी तरी किती सांगाव्यात! रोज सकाळची पहिली पेटी ते स्वतः उचलणार. पन्नाशीचा माणूस, कंबर कुरकुरते, कशाला करता म्हटलं तर म्हणायचे, "पेटी किती जड हाय ते कळल्याबिगर दुसऱ्याला उचल कसं म्हनू?" हमालांना चहाआधी रागवायचं नाही, आणि चहानंतर राग राहत नाही, त्यामुळे रागवायचं राहूनच जायचं. पण सगळ्यात कमाल म्हणजे त्यांची रॅकची नावं. प्रत्येक रॅकवर खडूने लिहिलेली पाटी. गीझर ठेवायचे 'वज्रेश्वरी'त, कारण तिथे गरम पाण्याची कुंडं. पंखे 'माळशेज'ला. मिक्सर 'आत्याबाई'त, कारण एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. काचेचे डिनर सेट 'सासुरवाडी'त, का, तर तिथे माणूस जपून वागतो. आणि गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल जिथे ठेवायचा तो कोपरा म्हणजे 'माहेर'. हमाल बहुतेक उत्तरेकडचे. त्यांचा मुकादम रामसमुझ वज्रेश्वरीला 'बजरेसरी' म्हणायचा, पण गीझर बिनचूक आणायचा.

सगळं असं झकास चाललेलं असताना ज्या कंपनीचा माल गोडाऊनमध्ये असायचा, तिने एक अट घातली: मॅनेजर पदवीधर हवा, नाहीतर माल दुसरीकडे नेऊ. शेठ बिचारे खाली मान घालून बसले. दाजींना काढायचं कसं आणि ठेवायचं कसं? मी तेव्हा पदवी घेऊन कल्याणला घरी बसलो होतो, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना गोल करत. दाजींनीच शेठला सांगितलं, "घरातच पदवी हाय, भायेरून कशाला आनायची?" आणि मी गेलो की हो! गळ्यातल्या टॉवेलने त्यांनी आपली खुर्ची पुसली, मला बसवलं, आणि त्या दिवसापासून मला चारचौघांत "सायेब" म्हणायला लागले. ज्यांच्या खांद्यावर बसून मी वज्रेश्वरीची जत्रा पाहिली, ते माझे मदतनीस! ताईने त्या रविवारी मला मटण वाढलं, पण नुसता रस्सा. एक तुकडा असेल तर शपथ.

मला तरी लाज कुठे होती? आठवडाभरात मी सगळ्या पाट्या पुसल्या आणि रॅकना इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिले. काय तो तक्ता, काय ते रंग! दाजींनी पुसायला ओला फडका आणून दिला. फक्त 'माहेर' पुसून मी तिथे 'रिजेक्ट' लिहायला घेतलं तेव्हा जवळ आले. म्हणाले, "सायेब, तेवढं नका लिवू. परत आलेल्याला असं म्हनत न्हायती. उघडायचं, पुसायचं, नीट बघायचं. निम्म्यांना काय झालेलंच नसतं." मी हसलो आणि लिहिलं.

महिन्याने कंपनीच्या बाई तपासणीला आल्या. यादीतला माल अर्ध्या तासात टेम्पोत चढायला हवा, नाहीतर माल हलवणार, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. म्हणजे गोडाऊन रिकामं आणि चाळीस माणसं घरी. त्यात भारनियमनाची वेळ. दारातला जनरेटर धडधडत होता, वर पत्र्याचं छप्पर घुमत होतं. यादीत पहिले दोन गीझर होते. मी ऐटीत ओरडलो, "डी-थ्री, दो पेटी!" रामसमुझने बी-थ्रीतून मिक्सर आणले. मी पुन्हा ओरडलो, तर जी-थ्रीतून इस्त्र्या आल्या. बी, सी, डी, जी, पी, टी, अहो, त्या आवाजात सगळी एकच अक्षरं! दोन वर्षांच्या अभ्यासात हे मला एका गुरुजीने सांगितलं नव्हतं. पंधरा मिनिटं गेली, टेम्पोत एक पेटी नाही, बाई घड्याळाकडे बघतायत, आणि मला दरदरून घाम. तेवढ्यात माझ्या बाहीला कोणीतरी हलकेच ओढलं. दाजी होते. अगदी हळू, जेवढं त्यांना जमतं तेवढं हळू, म्हणाले, "सायेब, मी वरडू का?"

मी मान डोलावली. दाजी वजनकाट्यावर चढले, एक हात कानाला लावला आणि जीपच्या दारातला तो जुना आवाज सोडला, "बजरेसरी दोऽऽन! मालशेज चाऽऽर! ससुराल एऽऽक, संभाल के!" काय सांगू! हमालांच्या अंगात वारं संचारलं. पेट्या अशा धावत आल्या की टेम्पोवाला विडी टाकून उभा राहिला. अर्धा तास व्हायला तीन मिनिटं बाकी असताना टेम्पोचा फाळका बंद! एक पेटी चुकली नाही, एक काच तडकली नाही. रामसमुझने शिट्टी मारली आणि मी, पहिल्या वर्गातला पदवीधर, दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होतो.

"ही पद्धत कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

"जीपवर, बाई. नाव असं पायजे, की गोंगाटात वरडलं तरी ज्याचं त्याला कळलं पायजे."

"आणि शिक्षण?"

"नववी. दोनदा."

बाई हसल्या, आणि त्यांनी अट मागे घेतल्याचं पत्र आठ दिवसांत आलं. त्या दिवशी खुर्ची मी पुसली, माझ्या नव्याकोऱ्या रुमालाने. पाट्याही मीच खडूने पुन्हा लिहिल्या, दाजींनी शुद्धलेखन तपासलं आणि दोन चुका नव्याने घातल्या. ताईने रविवारी नळी वाढली.

पुढे मला पुण्यात मोठी नोकरी लागली. पदवीवरच लागली, ते नाकारत नाही. तीन-चार वर्षं ऐटीत गेली. मग मंदी आली आणि एका सकाळी आमच्या कंपनीने आम्हा तीसजणांना एका खोलीत बोलावून घरी पाठवलं. कल्याणला जायचं तोंड नव्हतं. बॅग घेऊन मी वडप्याला उतरलो आणि गोडाऊनच्या दारात नुसता उभा राहिलो. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. वळून आत ओरडले, "रामसमुझ! माहेर में जगह कर! अपना साब आया है!"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू. दाजी जवळ आले. गळ्यातला टॉवेल काढून त्यांनी माझं तोंड पुसलं, हनुवटी धरून नीट बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात म्हणाले, "काय झालेलं न्हाय तुला."