कुंकू न धरणारं बॉनेट

आमच्या वडिलांनी जन्मात स्वतःचं ताट कधी उचललं नाही, पण गाडी पुसायला त्यांचे हात सदैव मोकळे. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि फोनवर व्हिडिओ पाहून पाहून पॉलिशमधले जाणकार झाले. मग पॉलिशची मशीनही आली. घनसावंगीजवळच्या आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांनी उडवलेला फुफाटा बारा महिने असतो. तिथे गाडी चकचकीत ठेवणं म्हणजे धुळीला जेवायचं आमंत्रण. पण हे सांगणार कोण? आपल्या पॉलिशमध्ये खोट आहे, हे त्यांनी देवाकडूनही ऐकून घेतलं नसतं.

दसऱ्याला अख्खं गाव गाड्या धुऊन, हार घालून मोकळं झालं. आमच्याकडे सोहळा चालूच होता. आधी क्लीनर चोळून डाग आणि जुना थर काढायचा, मग मेण लावायचं, ते वाळलं की कापडानं पुसायचं. अर्धं बॉनेट झालं आणि लाईट गेली. उरलेलं हातानं घासताना वडील घामानं निथळत होते. शेजारचे काका ओट्यावरून म्हणाले, "गाडीची दाढी करून राह्यले का?" वडील घासतच राहिले. थोर माणसं असल्या गोष्टींकडे लक्ष देत नसतात.

संध्याकाळी आई पूजेचं ताट घेऊन आली. दुसऱ्या दिवशी याच गाडीतून तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला जायचं होतं आणि ती आतून फार घाबरली होती. अंदाजानं चाचपत तिनं ओल्या कुंकवाचं बोट बॉनेटवर टेकवलं. ताज्या मेणावर ते कसं टिकणार? कुंकवाचे थेंब झाले आणि घरंगळत खाली गेले. तिनं पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा तेच.

"गाडी कुंकू धरून न्हाई राह्यली," आई म्हणाली. "मी न्हाई बसत हिच्यात. उद्या जीपनं जाईन, न्हाईतर जातच न्हाई."

"अगं, ह्यालाच तर चांगलं पॉलिश म्हणतेत," वडील म्हणाले आणि मेणाचे गुण सांगायला लागले. ज्या बाईच्या डोळ्याला उद्या हत्यार लागणार, तिला ऐकवायला विषय अगदी योग्य होता. आई ताट घेऊन घरात गेली. मला दोघांचाही राग आला. ऑपरेशन तिनं आधीही पुढे ढकललं होतं. तिला निमित्तच हवं होतं, आणि वडिलांनी दिवसभर घाम गाळून ते तयार करून दिलं होतं.

वडील बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग त्यांनी क्लीनरची बाटली उघडली आणि बॉनेटच्या मधोमध भाकरीएवढ्या जागेवरचं मेण घासून काढलं. ज्या चकाकीवर दिवसभर माशी बसू दिली नव्हती, तिच्यात एक फिका गोल उमटला.

"आण ताट," ते दारातून म्हणाले. "आता धरंल."

कुंकू धरलं. आईनं काढलेलं स्वस्तिक मात्र चांगलंच वाकडं आलं. एक पाय तर थेट हेडलाइटकडे निघाला होता. आम्ही गप्प बसलो. वडीलही गप्प बसले हे विशेष, कारण दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा त्यांचा जुना धंदा.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि आई काळा चष्मा लावून दवाखान्याबाहेर आली. गाडीपाशी येताच तिनं चष्मा जरा वर केला आणि बॉनेटकडे पाहत राहिली.

"इतकं वाकडं काढल्तं मी?" तिचा चेहरा उतरला.

वडिलांनी खिशातून फडकं काढलं आणि गाडीची स्वच्छ काच उगाच पुसली.

"स्वस्तिक बराबर हाय," ते म्हणाले. "माझं पॉलिशच वाकडं बसलं."