धाकट्या जावेच्या झाडाचं पान

मी जन्मात चोरी केली ती एकदाच, आणि तीही एका पानाची. मागच्या श्रावणात, धाकट्या जावेच्या मळ्यातल्या घराच्या पडवीतून.

तिची मुलगी पुण्याला नोकरीला आहे. तिनं आईसाठी ग्लॉक्सिनियाची कुंडी आणली होती. जाड, लव असलेली पानं आणि मखमलीसारखी जांभळी फुलं, कडेला पांढरी किनार. हे आफ्रिकन व्हायोलेटच्या भावकीतलं झाड, असं मुलीनं सांगितलं. मला व्हायोलेटही माहीत नव्हतं. पण एवढं कळलं, की याचं एक पान देठासकट मातीत खोचलं तरी नवं झाड होतं.

मी पान मागितलं. मी थोरली, शिवाय तिची दोन्ही बाळंतपणं मी केलेली. ती सरळ नाही म्हणाली. घरोघरी झालं की माझ्या झाडाला कोण विचारणार, असं तिचं म्हणणं. ती चहा टाकायला आत गेली आणि मी खालचं एक पान मोडून पिशवीत मेथीच्या जुडीखाली ठेवलं.

एका पानाचं एवढं काय, असं वाटेल. आमचं गाव शनिशिंगणापूर. आमच्या घराला चौकट आहे, पडदा आहे, दार नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतो, हे मी स्वतः येणाऱ्याजाणाऱ्यांना चाळीस वर्षं सांगत आले. त्या महिन्यात माझा गुडघा सुजला. तो आधीही सुजायचा. तरी मनात यायचं ते आलंच.

पान लागलं. थंडीत झाड वाळून गेलं, मातीत बटाट्यासारखा लहानसा गड्डा राहिला. चैत्रात त्याला कोंब आले आणि मृगाच्या सुमारास कळ्या. इथं माझी अडचण झाली. या झाडाला कडक ऊन चालत नाही आणि अंधारही चालत नाही. आमच्या घरात तसा उजेड एकाच जागी, चौकटीच्या आतल्या बाजूला. चार दिवस धान्याच्या कणगीमागे लपवून पाहिलं, तर दोन कळ्या गळाल्या. पुन्हा चौकटीपाशी आणलं. सात फुलं उमलली. दार असतं तर लोटून घेतलं असतं.

शेजारीण पडदा सारून आली ती फुलांपाशीच बसली. धाकट्या जावेनं दिलं का, म्हणून विचारलं. मी हो म्हणाले.

"मंग मलाबी देतील की," ती म्हणाली. "उद्या त्यांच्याच मळ्यात खुरपायला जायचंय. मागते."

माझ्या हातात तेवढी एक संध्याकाळ होती. भाकरी झाकून ठेवल्या, कुंडी कडेवर घेतली आणि मळ्याची वाट धरली.

जाऊ धार काढून उठत होती. मी कुंडी तिच्या पुढ्यात ठेवली.

"तुज्या झाडाचं पान मी चोरलं हुतं. ह्ये त्याचं झालं."

तिनं माझ्या कुंडीतली फुलं पाहिली, मग पडवीतल्या स्वतःच्या कुंडीकडे पाहिलं. तिच्या झाडाला दोनच फुलं होती आणि पानांवर तपकिरी डाग.

"मागायचं न्हाई व्हय, अक्का?"

"मागितलं हुतं. तू न्हाई म्हनालीस."

तिनं जरा विचार केला. "व्हय. परत मागितलं असतं तरी न्हाईच म्हनले असते."

शेजारणीला मी खोटं सांगितलंय, हेही बोलून टाकलं. जावेनं माझी कुंडी उचलून आपल्या कुंडीशेजारी ठेवली. मी मोकळ्या हातानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला नाही म्हटलं आणि मी पान कसं नेलं तेही सांगितलं. गावभर झालं. आठ दिवस बायका मला येताना बघून आपल्या कुंड्या पदराखाली घ्यायच्या आणि हसायच्या. मी हसू दिलं. खरं होतं ते.

आता जाऊ मला मोबाईलवर विचारत असते, सात फुलं कशी काय आणली. मी सांगते, तांब्यानं वरून पाणी ओतू नकोस, त्या लवेवर पाणी थांबलं की पान डागळतं. खाली ताटली ठेव, तिच्यात पाणी घाल, झाड लागेल तेवढं पितं. ती तसंच करते. तिच्या दोन्ही कुंड्या आता भरून फुलल्यात.

परवा मी शेजारणीसमोर जावेकडे पुन्हा पान मागितलं. नाही म्हणाली.