तिसऱ्या खांबाची तक्रार

जगातले सगळे मोठे पूल आमच्या थोरल्या साडूंना न विचारता बांधले गेले, आणि हा अपराध त्यांनी इंझोरीच्या ओसरीवर बसून शेवटपर्यंत कोणालाही माफ केला नाही. घरी चांगली काळी जमीन, दारात चार बैलजोड्या, कामाला माणसं. तेव्हा पोटासाठी काही करायची गरज नव्हती. अशा माणसाने एक तर राजकारण करावं नाही तर तब्येतीची तक्रार करावी. आमच्या साडूंनी पूल धरले. अकोल्याला एका पेन्शनर इंजिनियरच्या घरचं सामान लिलावात निघालं, त्यात पुलांच्या चित्रांचे सात जाडजूड ग्रंथ होते. ते यांनी बैलगाडीत घालून आणले, आणि त्या दिवसापासून घरात पुलाशिवाय दुसरा विषय निघाला नाही. इंग्रजी त्यांना चित्राखालच्या ओळीपुरतं येई. बाकीचं ते अंदाजाने वाचत, आणि त्यांचा अंदाज कधी चुकत नसे, कारण तो तपासणारं गावात कोणी नव्हतं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मीही म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एवढं पूलप्रेम असलेला हा माणूस जन्मात कधी पुलावर चढला नाही, हे ऐकून कोणाला नवल वाटेल. त्यांना त्यात काही विसंगती दिसत नव्हती. "मास्तर, ज्याले पुलाचं पोट मालूम हाये तो त्याच्या पाठीवर पाय ठेवत नाई," असं ते मला सुनवायचे. (मी मंगरूळपीरच्या शाळेत मास्तर होतो, आणि हाही माझा एक दोषच होता.) स्कॉटलंडात टे नावाच्या नदीवरचा पूल वादळात आगगाडीसकट पाण्यात गेला, ही हकिकत त्यांनी वाचली होती. त्या इंजिनियरने म्हणे वाऱ्याचा नीट विचारच केला नव्हता. तेव्हापासून जिथे पूल दिसेल तिथे भाऊसाहेब गाडीतून खाली उतरत, धोतर गुडघ्यावर घेत आणि नदीच्या पात्रातून पलीकडे जात. बैल, गाडीवान आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, सुखरूप पुलावरून जात. पलीकडे ती सगळी मंडळी यांची वाट बघत उभी असायची, आणि हे ओलेचिंब वर येऊन म्हणायचे, "वाचलात!" आगगाडीची तर आणखीच तऱ्हा. पुलाच्या अलीकडच्या स्टेशनावर हे उतरून जात, नदी पायी ओलांडत आणि पलीकडच्या स्टेशनावर दुसऱ्या दिवशीच्या गाडीची वाट पाहत. एकदा अशाने एका लग्नाला ते वरातीनंतर पोचले. तरी अक्षता त्यांनी टाकल्याच.

त्यांच्या विद्येचा प्रसाद माझ्या अंगावरही आहे. अधिक महिन्यात सासऱ्यांनी आम्हा जावयांना जेवायला बोलावलं होतं. स्कॉटलंडातच फोर्थच्या खाडीवर जो थोरला लोखंडी पूल आहे, त्याची युक्ती लोकांना कळावी म्हणून तिथल्या इंजिनियरांनी दोन माणसं खुर्च्यांवर हात पसरून बसवली होती, त्यांच्या बाहेरच्या हातांना विटांचं वजन बांधलं होतं, आणि मधल्या फळीवर एका जपानी गृहस्थाला अधांतरी बसवलं होतं. ग्रंथात त्याचं चित्र होतं. पंक्ती बसायच्या आधी भाऊसाहेबांना हे सगळ्यांना दाखवावंसं वाटलं. एका खुर्चीवर आमचा साळा, दुसरीवर गावचे पोस्टमास्तर, आणि जपानी गृहस्थ म्हणून मी. मी म्हटलं, जेवण होऊ द्या. ते म्हणाले, जेवल्यावर वजन बदलते. मी बसलो. क्षणभर खरोखरच अधांतरी राहिलो, हे कबूल केलं पाहिजे. मग साळ्याला शिंक आली आणि मी फळीसकट अनारशांच्या परातीत उतरलो. घरभर हलकल्लोळ झाला, सासूबाई धावत आल्या, आणि भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "पूल नाई पडला. साळा पडला." माझी कंबर पुढे महिनाभर दुखत होती, पण तिचा उल्लेख कुठल्याच ग्रंथात येणार नव्हता.

असा माणूस घरात असताना सरकारने नेमका इंझोरीजवळ अडाण नदीवर पूल बांधायला काढावा, ही एक तर दैवाची लीला नाही तर त्या मिस्त्रीच्या नशिबाचे भोग. मिस्त्री मंगरूळपीरचे, दर्ग्यामागच्या मोहल्ल्यातले. बाप-आज्यापासून दगडाचं काम. माणूस कमी बोलणारा, पण त्यांनी बांधलेल्या विहिरीचा चिरा कोणी हललेला पाहिला नव्हता. सहा दगडी कमानींचा पूल त्यांच्याकडे आला, आणि हे काम नीट उतरलं तर पुढच्या नदीचंही काम त्यांनाच मिळणार होतं. पाया खणायला सुरुवात झाली त्याच आठवड्यात भाऊसाहेबांचा पाय मुरगळला. पाय चार दिवसांत बरा झाला. पण न्यूयॉर्कला ब्रुकलिनचा प्रचंड पूल बांधताना तिथला इंजिनियर अंथरुणाला खिळला होता, खिडकीतून दुर्बिणीने काम बघायचा आणि बायकोकरवी हुकूम पाठवायचा, हे त्यांनी वाचलेलं होतं. त्यामुळे पूल होईपर्यंत म्हणजे दोन वर्षं भाऊसाहेबांचा पाय दुखतच राहिला. नदीकडच्या खिडकीशी पलंग सरकवला गेला, पितळेची दुर्बीण आली, आणि अक्का रोज सकाळी हुकूम घेऊन नदीवर जाऊ लागल्या.

अक्का तिथे जाऊन काय सांगत, ते मला फार उशिरा कळलं. त्या मिस्त्रींच्या बायकोसाठी लोणचं नेत, कामावरच्या बायांची विचारपूस करत आणि परत येऊन नवऱ्याला सांगत, "सांगतलं." पूल चांगला झाला यात अक्कांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

पूल पुरा झाला आणि भाऊसाहेबांनी जाहीर केलं की तिसरा खांब कलला आहे. खिडकीसमोर मोठी चिंच असल्यामुळे त्यांना पाचांपैकी तेवढा तिसराच खांब दिसायचा, ही गोष्ट वेगळी. खिडकीच्या गजाच्या रेषेत खांब धरून ते एक डोळा मिटत आणि म्हणत, "पाहा, वाकडा हाये का नाई?" मी पाहिलं. खरंच वाकडा दिसत होता! मग त्यांनी मला कॅनडाची गोष्ट सांगितली. क्वेबेकचा पूल बांधता बांधता वाकू लागला, काम थांबवा म्हणून निरोप निघाला, तो वेळेवर पोचलाच नाही, आणि पूल कितीतरी मजुरांना घेऊन नदीत गेला. हे सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला. मी त्यांची खूप थट्टा केली आहे, पण हे लिहायलाच हवं की त्यांना खरोखर माणसांची काळजी वाटत होती. "मास्तर, अर्ज लिहा. निरोप उशिरा पोचाले नाई पायजे." तेव्हा इंग्रजीतून बांधकाम खात्याला अर्ज मी लिहिला, आणि आपलं इंग्रजी दाखवायची संधी म्हणून त्यात 'भयंकर', 'अक्षम्य' असे दोन-तीन शब्द पदरचे घातले. ते मला आजही टोचतात.

अर्ज पोचला आणि गावात बोभाटा झाला. कारंज्याच्या बाजाराला कापूस नेणाऱ्या बैलबंड्या नवा पूल सोडून पुन्हा पात्रातून जाऊ लागल्या. पोरंसोरं पुलाला 'लंगडा' म्हणू लागली. पुढच्या नदीच्या कामाचं बोलणं थांबलं. मिस्त्री दर्ग्याच्या बाजारात गेले की लोक मुद्दाम विचारत, "काय चाचा, पूल उभा हाये ना?" चाळीस वर्षांत मिळवलेलं नाव एका अर्जाने धुळीला मिळायची वेळ आली. चौकशीला साहेब येणार असं ठरलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मिस्त्री भाऊसाहेबांच्या दारात येऊन उभे राहिले. मी साक्षीदार म्हणून मुक्कामालाच होतो.

"भाऊसाहेब, भांडाले नाई आलो," ते म्हणाले. "कुठी चुकलं ते मले दाखवा. साहेबाच्या तोंडून ऐकण्यापरीस तुमच्याजवळून ऐकतो."

भाऊसाहेब त्यांना मोठ्या इतमामाने खिडकीशी घेऊन गेले. गज, खांब, एक डोळा बंद. मिस्त्रींनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा पाहिलं. मग सवयीने म्हणा की आणखी कशाने, त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि त्याचा दोरा खिडकीच्या चौकटीवरून सोडला. शिसं डोललं, थांबलं. वर दोरा चौकटीला चिकटलेला, आणि खाली चौकटीपासून चांगला दोन बोटं लांब. चौकटच वाकडी होती! सुताराला अक्कल नाही म्हणून त्याला घालवून देऊन भाऊसाहेबांनी ती स्वतः बसवली होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

मिस्त्रींनी दोरा गुंडाळला. ते हसले असते तर बरं झालं असतं, पण ते हसले नाहीत.

आतून अक्का म्हणाल्या, "अकरा वर्सं झाली, रोज त्या खिडकीच्या झडपीले लाकडाची झिलपी लावून राह्यली मी. आपोआप बंद होते थे. काहून लावतो म्हणून इचारलं का कधी?"

मिस्त्री गेल्यावर मी अगदी मुत्सद्दीपणाने सुचवलं की 'अधिक पाहणीअंती समाधान झाले' असं एक पत्र साहेबाला देऊन टाकू. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. "अर्ज साहेबाच्या घरी गेला, मास्तर. पन नाव तं बाजारात गेलं ना त्याचं. पत्र बाजारात कोन वाचते?" एवढं बोलून ते भाकरी न खाताच निजले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याविषयी काही चावरं सुचलं नाही.

दुसरा दिवस बाजाराचा होता. सकाळी नदीवर गेलो तर कापसाच्या बंड्यांची रांग पात्रात उतरायच्या बेतात, आणि पलीकडे तिसऱ्या खांबाजवळच्या कमानीखाली, एका दगडावर, घोटाभर पाण्यात पाय सोडून भाऊसाहेब बसलेले. डोक्याला पागोटं, अंगात लग्नातला कोट.

"वरून जा!" ते खालून ओरडत होते. "अबे वरून जा! पूल सीधा हाये! वाकडी माही खिडकी हाये! पडला तं माह्यावर पडन ना, तुमाले काय?"

गाडीवान एकमेकांची तोंडं बघत राहिले. मग एका म्हाताऱ्याने बैलांची शेपटी पिरगाळली आणि बंडी पुलावर घातली. चाकं दगडावर गडगडली. कमानीतून चुन्याची थोडी भुकटी भाऊसाहेबांच्या पागोट्यावर पडली, आणि त्या माणसाने दोन्ही हातांनी दगड असा घट्ट धरला की मला इकडून त्यांची बोटं पांढरी झालेली दिसली. रिकाम्या पुलावरून चालायला भिणारा हा माणूस भरल्या बंड्यांखाली डोळे मिटून बसला होता. दुसरी बंडी गेली. तिसरी. मग रांगच लागली.

मिस्त्री आले ते धावतच. धडपडत काठ उतरले. "उठा भाऊसाहेब, गारठून जासान. काय तमाशा करून राह्यले तुमी?"

"बसू दे मले. म्या बोभाटा केला, मीच मोडतो."

मिस्त्रींनी हात जोडले, मग कपाळाला हात लावला, आणि काहीच उपाय चालेना तेव्हा पायजमा वर ओढून त्याच दगडावर त्यांच्या शेजारी बसले. दोघांच्या डोक्यावरून कारंज्याचा सगळा बाजार गेला.

साहेबाची मोटार आली तेव्हा दोघे तसेच बसले होते. तक्रारदार कोण, असं साहेबाने विचारलं. मी खाली बोट दाखवलं. आणि कंत्राटदार? मी पुन्हा तिकडेच बोट दाखवलं. साहेब बराच वेळ बघत राहिला. 'अक्षम्य' वगैरे शब्द माझेच होते, हे मी त्याला इंग्रजीतच सांगितलं. ते इंग्रजी फार चांगलं नव्हतं. साहेबाने आपल्या ओळंब्याने पाचही खांब तपासले, काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. पुढच्या नदीचं काम मिस्त्रींनाच मिळालं.

यानंतर भाऊसाहेब सुधारले असं कोणी समजू नये. महिन्याभरात त्यांना पुलाचे कठडे बुटके वाटू लागले. फरक एवढाच की आता हे ऐकायला मिस्त्री दर शुक्रवारी नमाजानंतर मंगरूळपीरहून येत, ओसरीवर चहा पीत आणि म्हणत, "बराबर हाये. पुढच्या वक्ताले पाहू." नवीन काम काढलं की आधी नकाशा इंझोरीला यायचा, भाऊसाहेब त्यात दहा चुका काढायचे, आणि मिस्त्री त्यातली एखादी खरी निघाली की खूश व्हायचे. तशी एखादी निघायची, हे मला मिस्त्रींनीच सांगितलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत भाऊसाहेब गेले. त्यानंतर कधीतरी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली की कलकत्त्याला हुगळीवरचा नवा लोखंडी पूल रहदारीला खुला झाला; एवढा थोरला पूल, पण लढाईमुळे समारंभसुद्धा केला नाही म्हणे. मी कात्रण कापून कोटाच्या खिशात ठेवलं, आणि इंझोरीच्या रस्त्याला निम्म्यावर पोचल्यावर लक्षात आलं की हे आता कोणाला दाखवायचं? तसाच परत फिरलो आणि दर्ग्यामागे मिस्त्रींकडे गेलो. ते फार थकले होते, नजर गेली होती. मी बातमी वाचून दाखवली. किती लांब, किती उंच, किती लोखंड, सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"अन् त्याच्यात खोडी कोनं काढली?" त्यांनी विचारलं.

कोणी नाही, असं मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातलं कात्रण घेऊन बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "एवढा मोठा पूल, अन् त्याच्यासाठी जीव जाळनारा एक मानूस नाई. कसा उभा राहीन बापा थो?"