कल्ले उघडून

घरी रेंज नसल्यामुळे ती पोरगी माझ्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर येऊन फोन करायची. बी.कॉम. झालेली, आई मालवणच्या बाजारात मासळी विकते. हिला डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करायचा होता. माझ्याशी मालवणी, पण फोनवर ताठ बसून, शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी. प्रत्येक क्लासकडे मागणी एकच: "ॲडमिशन घेण्याआधी मला एक दिवस वर्गात बसू द्या." नकार आला की वहीतल्या त्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारायची.

तिसरा क्लासवाला म्हणाला, आजच नाव नोंदवा, शेवटची सीट आहे.

"मग ती दुसऱ्या कुणाला तरी द्या," म्हणून तिने पट्टी काढली.

मला राहवेना. "गो, असा केलंस तर तुका क्लासात घेतलो कोण?"

"काका, माझ्या आवशीकडे गिऱ्हायक कल्ले उघडून, लाल आसत काय ता बघल्याशिवाय बांगडो घेणा नाय. ती कधी रागावता? ताज्या बांगड्याक कल्ले दाखवूक कसली लाज?"

आणि तिने पुढचा नंबर लावला.

चौथ्या, कुडाळच्या क्लासने बोलावलं. सकाळच्या एसटीने गेली आणि संध्याकाळी परतली ती आधार कार्डाची झेरॉक्स मागतच.

"बरा शिकवतत?" मी विचारलं.

"मी एक प्रश्न इचारलंय. शिकवणारी बाई सगळ्यांसमोर म्हणाली, माका ठावक नाय, उद्या बघून सांगतंय."

"मगे?"

"मगे काय? थंयच नाव घातलंय."