आजोबांचा साचा

ढाक्याला कापडाच्या कारखान्यात नोकरीला होतो, तेव्हा वाटेत एका पेंटरचं दुकान लागायचं. सायकलरिक्षांच्या मागे लावायचे पत्रे तो रंगवायचा, आणि त्यांवर बहुतेक सिनेमातले नट असायचे. एके दिवशी तो तिथल्या एका नावाजलेल्या नटाचा चेहरा काढत होता. या नटाचे वडील नट, आजोबाही नट. पेंटरने पत्र्यावर पुठ्ठ्याचा साचा ठेवला, वरून गुलाबी रंगाचा बोळा फिरवला आणि चेहरा तयार झाला.

"हा साचा यांचाच का?" मी विचारलं.

"आजोबांचा," तो म्हणाला. "वडिलांच्या वेळी मिशी काढून टाकली. यांना दाढी लावतो."

मला किळस आली, पण पेंटरची नव्हे. हा नट पडद्यावर आजोबांसारखी मान तिरकी करायचा आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणायचं. एका सिनेमात मात्र तो मान सरळ ठेवून, स्वतःच्या साध्या आवाजात रडला होता. त्या वेळी लोक कंटाळून चहा प्यायला बाहेर गेले. मीही गेलो. तीन पिढ्यांचं ते उष्टं ताट आम्हीच पुन्हा पुन्हा मागून घेत होतो आणि चाटूनपुसून खात होतो.

साचा वर्षानुवर्षांच्या रंगाने बरबटला होता. कडा कुजल्या होत्या.

"फेकून द्या की आता, भाई," मी म्हटलं.

त्याने साचा फडक्याने पुसला आणि जपून खिळ्याला अडकवला.

"फेकून कसं चालेल? मागच्याच महिन्यात त्यांना मुलगा झालाय."